'चौथी भिंत' आणि चित्रपट : एक कालनिर्णय

चित्रपटांतील एखादें पात्र गोष्टीच्या ओघांत एकाएकीं आपलें तोंड प्रेक्षकांकडे वळवितें, त्यांच्याकडे रोखून पाहतें, किंवा त्यांस उद्देशून चार शब्द बोलतें. या प्रकारास समीक्षकांच्या परिभाषेंत 'चौथी भिंत फोडणें' असें म्हणतात. ही संज्ञा अलीकडे इतकी रूढ झाली आहे कीं, कोणत्याहि काळच्या व कोणत्याहि देशच्या चित्रांत नटाची नजर भिंगाकडे गेली कीं भिंत फुटली असें लिहून समीक्षक मोकळे होतात. परंतु फुटावयास भिंत आधीं बांधलेली असावी लागते. ती कोणीं बांधली, केव्हां बांधली, आणि ज्या चित्राविषयीं आपण बोलत आहों तें निघालें त्या वेळीं व त्या ठिकाणीं ती उभी होती काय, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. किल्ला केव्हां बांधला हें न ठरवितां त्याच्या वेढ्याची बखर लिहावी, तशांतलाच हा प्रकार होय. प्रस्तुत लेखांत या प्रश्नांचा विचार, प्रत्यक्ष चित्रांच्या आधारें, करावयाचा आहे. त्यांत दादासाहेब फाळके यांच्या 'कालियामर्दन' (१९१९) या मूकपटाचा विचार थोडा विस्तारानें येईल; कारण आमच्या मतें वरील संज्ञेच्या सैल वापरानें सर्वांत अधिक अन्याय होण्याचा संभव आहे तो त्याच चित्रावर.

'चौथी भिंत' ही कल्पना मुळांत चित्रपटाची नव्हे. ती नाटकाची आहे, आणि नाटकांतहि ती फार जुनी नाहीं. फ्रेंच ग्रंथकार दिदरो यानें १७५८ सालच्या आपल्या नाट्यविषयक प्रबंधांत नटांस असा उपदेश केला कीं, रंगमंचाच्या पुढील कडेवर एक मोठी भिंत उभी असून पडदा वर गेलेलाच नाहीं असें समजून त्यांनीं काम करावें. उपदेश झाला; तो पुरतेपणीं आचरणांत येण्यास मात्र शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. आंद्रे आंत्वान यानें १८८७ सालीं पॅरिस येथें 'तेआत्र लिब्र' ही नाट्यसंस्था काढली, तेव्हां तीन भिंतींची खरीखुरी खोली, खरें सामानसुमान आणि प्रसंगीं प्रेक्षकांकडे पाठ करून बोलणारे नट हा थाट लोकांच्या दृष्टीस पडला. तत्पूर्वीं शेक्सपियरचीं पात्रें स्वगतांत प्रेक्षकांस विश्वासांत घेत, ग्रीक नाटकांतील गायकवृंद त्यांच्यासमोर उभा राहून भाष्य करी, आणि संस्कृत नाटकाचा सूत्रधार तर सभेचा गौरव करून, नटीस गावयास सांगून, मगच कथेचें दार उघडीत असे. शाकुंतलाच्या प्रस्तावनेंत नटीच्या गाण्यानें भान हरपलेला सूत्रधार स्वतःची तुलना हरिणामागें धांवणाऱ्या दुष्यंताशीं करितो व त्याच क्षणीं राजा प्रवेश करितो. प्रेक्षकांशीं चाललेलें बोलणें आणि कथा यांचा सांधा येथें इतका बेमालूम आहे कीं, भिंत कोठें असावयाची होती हें दाखवितांहि येत नाहीं.

महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस 'सीतास्वयंवर' नाटकाचा प्रयोग केला, त्यांतील सूत्रधार पदें म्हणत शेवटपर्यंत प्रेक्षकांसमोर असे. अण्णासाहेब किर्लोस्कर यांनीं ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास शाकुंतल रंगभूमीवर आणलें, त्यांतहि सूत्रधार व नटी होतींच. बंदिस्त खोलीचें, सूत्रधारावांचूनचें नाटक मराठींत मुद्दाम संकल्प करून आणलें गेलें तें 'नाट्यमन्वंतर' संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकानें, म्हणजे १ जुलै १९३३ रोजीं. आणि तेंहि ब्यर्नसन या नॉर्वेच्या नाटककाराच्या कृतीवरून रचलेलें. तुरळक प्रयत्न त्यापूर्वींहि झाले असतील. परंतु मराठी प्रेक्षकाला चौथ्या भिंतीची जाणीवपूर्वक ओळख करून देण्याचा सन हाच धरावा लागतो. वाचकांनीं तो ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडेल.

आतां चित्रपटाकडे वळूं. ल्युमिएर बंधूंनीं आपला पहिला जाहीर खेळ २८ डिसेंबर १८९५ रोजीं पॅरिस येथें केला, व ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईस वॉटसन हॉटेलांत त्यांचीं चित्रें दाखविलीं गेलीं. त्या काळचीं रस्त्यांचीं, स्टेशनांचीं चित्रें पाहिलीं तर येणारे-जाणारे लोक यंत्राकडे कुतूहलानें पाहतात, कोणी थबकतात, कोणी मागें वळून पुनः पाहतात. त्यांस कोणीं मना केलें नाहीं. कारण मना करण्याचें कारणच नव्हतें. याच काळाविषयीं एक कथा बहुतेक सर्व इतिहासांत आढळते : आगगाडी स्टेशनांत येत असल्याचें चित्र पाहून प्रेक्षक भिऊन पळत सुटले! मार्टिन लोइपरडिंगर या जर्मन संशोधकानें या कथेचा माग काढला, तेव्हां तिला समकालीन वृत्तपत्रांचा वा पोलिसांच्या कागदपत्रांचा आधार मिळाला नाहीं. पडद्यावरील गाडीस भिऊन पळणारा प्रेक्षक निश्चितपणें सांपडतो तो रॉबर्ट पॉल यानें १९०१ सालीं इंग्लंडांत काढलेल्या एका विनोदी चित्रांत. तेथें तो खेडवळ मनुष्य असून शहरच्या प्रेक्षकांनीं त्यास हंसावें अशी योजना आहे. पुढील वर्षीं अमेरिकेंत एडविन पोर्टर यानें तोच विनोद 'अंकल जॉश' नांवाच्या पात्राच्या नांवानें पुनः केला. विनोदी चित्रास बखरीचा मान मिळाल्याचें हें उदाहरण आमच्या वाचकांस अपरिचित वाटूं नये. आमच्याकडेहि कित्येक आख्यायिकांची गति हीच झाली आहे. विशेष लक्षांत घेण्यासारखें तें हें कीं, चित्रपट सुरू होऊन सहा वर्षें झालीं नाहींत तोंच प्रेक्षक स्वतः चित्राचा विषय झाला होता.

त्याच सुमारास इंग्लंडांत निघालेलीं दोन लहान चित्रें या दृष्टीनें महत्त्वाचीं आहेत. सेसिल हेपवर्थ याच्या १९०० सालच्या चित्रांत एक मोटार समोरून भिंगाकडे, म्हणजेच प्रेक्षकाच्या अंगावर, येते व पडदा काळा होतो. चिरडला जाणारा मनुष्य कोण, तर पाहणारा. दुसरें चित्र होव्ह गांवच्या जेम्स विल्यमसन याचें, सन १९०१. आपलें छायाचित्र घेतलें जात आहे हें न आवडलेला एक गृहस्थ रागानें बोलत बोलत यंत्राजवळ येतो. त्याचा चेहरा मोठा होत जातो, तोंड उघडतें, सगळा पडदा त्या तोंडाच्या काळोखानें भरतो, आणि यंत्र व तें चालविणारा दोघेहि त्यांत पडतात. नंतर तो गृहस्थ चघळीत चघळीत समाधानानें मागें सरकतो. यंत्रच गिळलें गेल्यावर हें शेवटचें दृश्य टिपलें कोणीं, असा तार्किक प्रश्न येथें उत्पन्न होतो. विल्यमसनला तो सुचला नसेल असें मानण्याचें कारण नाहीं. त्यानें गंमत म्हणून तो तसाच सोडून दिला. जें आज अतिशय नवें म्हणून वाखाणलें जातें तें या मिनिटभराच्या चित्रांत पुरतेपणीं आहे, आणि तरीहि तेथें कांहीं मोडलें असें तत्कालीन प्रेक्षकास वाटण्याचें कारण नव्हतें. जादुगार प्रेक्षकांस अभिवादन करितो तेव्हां तो कोणता नियम मोडतो? फ्रान्सांतील जॉर्ज मेलिएस हा मूळचा जादुगारच होता, आणि पडद्यावरहि तो हातचलाखीच्या आधीं व नंतर लवून नमस्कार करीत असे.

पोर्टरच्या 'ग्रेट ट्रेन रॉबरी' या १९०३ सालच्या चित्राचें उदाहरण तर संशोधकास फारच उद्बोधक आहे. दरोडेखोरांच्या टोळीच्या नायकाचें काम करणारा जस्टस बार्न्स हा नट एका दृश्यांत छातीपर्यंतच दिसतो, पिस्तुल सरळ प्रेक्षकांवर रोखतो आणि गोळ्या झाडतो. या दृश्याचा कथेंतील कोणत्याहि प्रसंगाशीं संबंध नाहीं. आजच्या प्रतींत तें शेवटीं असतें, व त्यावरून मेलेला दरोडेखोर जणूं उठून प्रेक्षकांचा सूड घेतो असे गहन अर्थ काढले गेले आहेत. परंतु एडिसनच्या कंपनीनें काढलेल्या विक्रीच्या सूचिपत्रांत असें स्पष्ट सांगितलें होतें कीं, हें दृश्य खेळाच्या आरंभीं किंवा शेवटीं, कोठेंहि जोडतां येईल. म्हणजे त्याचें स्थान ठरविणारा कर्ता नव्हे, तर खेळ लावणारा दुकानदार. जुन्या पोथ्यांत एखादी ओंवी एका प्रतींत अध्यायाच्या आरंभीं तर दुसरींत शेवटीं आढळते, आणि लेखकू आपल्या सोयीप्रमाणें ती हलवितो, तशीच ही सुटी ओंवी होती. अशा दृश्याच्या स्थानावर तत्त्वज्ञानाचा डोलारा उभारण्यापूर्वीं सूचिपत्र वाचावें, एवढीच सूचना येथें करावयाची आहे.

मग भिंत बांधली केव्हां? अमेरिकेंतील पुराव्यावरून १९०८ ते १९१५ हीं वर्षें त्या बांधकामाचीं ठरतात. त्यापूर्वीं पुष्कळ ठिकाणीं पडद्याशेजारीं एक निरूपणकार उभा राहून चित्राचा अर्थ लोकांस सांगत असे, आणि कोणतें चित्र कशानंतर लावावें हेंहि खेळवाला आपल्या मर्जीनें ठरवी. पांच सेंटांच्या स्वस्त चित्रगृहांचा सुळसुळाट झाला, चित्रांची मागणी वाढली, कथा लांबूं लागल्या, आणि एकच चित्र शेंकडों गांवीं, निरूपणकार असो वा नसो, सारखेंच समजलें पाहिजे अशी निकड उत्पन्न झाली. चित्रानेंच आपली कथा आपण सांगावयाची, तर कथेच्या बाहेर पाहणारी नजर त्यांत अडचणीची होते. 'न्यूयॉर्क ड्रॅमॅटिक मिरर' पत्राचे समीक्षक फ्रँक वुड्स यांनीं १९०९-१० च्या सुमारास यंत्राकडे पाहणाऱ्या नटांवर वारंवार टीका केली; ती वाचतां ही खोड तोंवर किती सार्वत्रिक होती हेंहि कळून येतें. थोडक्यांत, बाहेर उभ्या असलेल्या सूत्रधाराला रजा मिळाली आणि त्याच्या जागीं भिंत आली. टॉम गनिंग या अमेरिकन विद्वानानें १९८६ पासून या पूर्वकालीन चित्रांचा स्वतंत्र विचार करावयास शिकविलें, तें योग्यच झालें. परंतु सूत्रधाराशीं असलेलें या प्रकाराचें साम्य आमच्याकडील अभ्यासकांस आधीं सुचावयास हवें होतें.

विनोदी नटांस मात्र या भिंतींत एक खिडकी ठेवलेली होती. चार्ली चॅप्लिन आपल्या सुप्रसिद्ध भटक्याच्या वेषांत प्रथम लोकांसमोर आला तो ७ फेब्रुवारी १९१४ रोजीं निघालेल्या एका लहान चित्रांत. मुलांच्या गाड्यांची शर्यत चाललेली असून तिचें चित्र घेणाऱ्या यंत्रापुढें हा मनुष्य सारखा येऊन उभा राहतो. ढकलून दिला तरी पुनः येतो, आणि आपण दिसतों आहों कीं नाहीं याची खात्री करून घेतल्याप्रमाणें भिंगाकडे पाहतो. शर्यत खरी, भोंवतालचे बघे खरे; त्यांना हा कोण आहे हें ठाऊक नाहीं. पुढें ऑलिव्हर हार्डी आपल्या जोडीदाराच्या मूर्खपणानें त्रस्त होऊन प्रेक्षकांकडे दीनवाणें पाही, आणि १९३२ सालच्या 'हॉर्स फेदर्स' चित्रांत ग्राउचो मार्क्स यानें तर, भावानें वाद्य वाजविण्यास आरंभ करितांच, प्रेक्षकांस बाहेर फेरी मारून येण्याची सूचना केली. या सर्वांत प्रेक्षक मित्र आहे. त्याला कांहीं द्यावें लागत नाहीं.

आतां 'कालियामर्दन'. नाशिक येथें हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनीनें काढलेल्या या चित्रांत बाळकृष्णाचें काम फाळके यांची मुलगी मंदाकिनी हिनें केलें आहे. 'राजा हरिश्चंद्रा'ची उपलब्ध रिळें १९१३ च्या मूळ चित्राचीं कीं १९१७ सालीं पुनः घेतलेल्या चित्राचीं, याविषयीं मतभेद आहे. त्या मानानें 'कालियामर्दन' बऱ्याच सलग स्वरूपांत आपणांस पाहावयास मिळतें, हें सुदैव होय. उपलब्ध प्रतींत कथेच्या आरंभींच सात वर्षांच्या मुलीचा मुखाभिनय पाहा, या अर्थाची पाटी येते. मग मंदाकिनीचा चेहरा समोर, जवळून दिसतो. तीं नुसतीं हावभावांचीं चित्रें आहेत. गोष्ट अजून सुरू झालेली नाहीं. एकामागून एक निरनिराळे भाव ती मुलगी तोंडावर आणते, आणि तिची नजर पाहणाऱ्याकडे असते. नंतर त्याच चेहऱ्याच्या जागीं हळूहळू मुकुट व अलंकार धारण केलेला कृष्ण प्रकट होतो. मुलगी कोठें संपली व देव कोठें सुरू झाला ती रेषा प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत पुसली जाते.

या आरंभास 'चौथी भिंत फोडणें' म्हणावयाचें काय? आमचें उत्तर स्पष्टपणें नकारार्थी आहे. युरोपीय कल्पनेप्रमाणें नट हा नट आहे हें उघड केलें कीं भ्रम मोडतो. येथें तसें कांहीं होत नाहीं. ही फाळके यांची मुलगी, ही अभिनय करते, हें आधीं सांगून टाकल्यानें पुढें कालियाच्या फणीवर नाचणाऱ्या कृष्णाचें दर्शन तिळभर उणें होत नाहीं. उलट तें दर्शन कसें घडतें याचा साक्षीदार होऊन प्रेक्षक त्यांत सामील होतो. रासलीलेंत गांवांतलाच मुलगा मुकुट घालून बसतो आणि त्याला ओळखणारे लोकच त्याच्या पायां पडतात. बालगंधर्व पुरुष आहेत हें प्रत्येक प्रेक्षकास ठाऊक होतें. १९१७ सालच्या 'लंकादहना'त साळुंके या एकाच नटानें राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या, आणि तें चित्र लोकांनीं अतिशय उचलून धरलें. तेव्हां मंदाकिनीचा हा प्रवेश भिंतीचें भगदाड नसून प्रस्तावना आहे : सूत्रधार, नटी आणि पात्र या तिघांचें काम एका लहान मुलीनें केलेली प्रस्तावना. शिवाय भिंत येथें येण्यास अजून चौदा वर्षें होतीं. मराठी रंगभूमीनें जी वस्तु १९३३ सालीं आणली ती १९१९ सालीं नाशिकास फुटली असें म्हणणें म्हणजे कालविपर्यास होय.

यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे, आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाहीं. कोणी म्हणेल कीं, पश्चिमेकडे १९०५ पर्यंत जो बाळबोध प्रकार चालू होता तोच फाळके यांनीं पंधरा वर्षें उशिरां केला. यांत सूत्रधाराची परंपरा कशाला आणावयाची? ते स्वतः जादूचे प्रयोग करीत, 'प्रोफेसर केळफा' असें आपलें नांव उलटें करून लावीत. मेलिएसप्रमाणेंच तेहि जादुगाराच्या रीतीनें वागले, इतकेंच. या आक्षेपांत सत्यांश आहे. जादुगाराचा सलाम दोघांतहि आहे, आणि आपल्या गुणी मुलीचें कौतुक लोकांनीं करावें ही बापाची हौस व खेळवाल्याचा धंदा हींहि त्यांत आहेत. परंतु दुसरी रीत ठाऊक नसल्यामुळें फाळके यांनीं ही पत्करली, असें मात्र चित्र सांगत नाहीं. त्याच चित्रांत कृष्ण डोहांत उडी घेतो तेव्हां पाण्याखालील झुंज व कांठावर जमलेल्या गोकुळवासीयांची घालमेल हीं आळीपाळीनें दाखविलीं आहेत. तेथें कोणी प्रेक्षकांकडे पाहत नाहीं, सर्वांचे डोळे डोहाकडे आहेत. बंद घराची रीतहि त्यांस अवगत होती. आरंभीं त्यांनीं उघड्या अंगणाची रीत वापरली ती निवडून. कालिया शरण आल्यावर कृष्ण फणीवर उभा राहतो, तेव्हां कांठावरचे लोक व चित्रगृहांतले लोक एकाच मूर्तीसमोर असतात. पडद्यावरचा जमाव हा पडद्याबाहेरच्या जमावाचाच पुढचा भाग होतो. हें सर्व यंत्राचें अज्ञान नव्हे.

परंतु या ठिकाणीं दुसऱ्या टोंकासहि जाऊं नये. फाळके यांनीं १९१७ सालीं चित्रपट कसा तयार करतात हें दाखविणारें एक लहान चित्र काढलें, त्यांत ते स्वतः काम करितांना दिसतात. रशियांतील झिगा व्हेर्टोव्ह याच्या १९२९ सालच्या सुप्रसिद्ध चित्रांत यंत्र चालविणारा, फीत कापून जोडणारी स्त्री आणि चित्रगृहांतील प्रेक्षक हे सर्व पडद्यावर येतात. यावरून आमच्या माणसानें बारा वर्षें आधीं तेंच केलें असा डांगोरा पिटणाऱ्यांची आमच्याकडे वाण पडणार नाहीं. तें तेंच नव्हे. व्हेर्टोव्हला प्रेक्षकाच्या डोळ्यांवरील गोष्टीची भुरळ उतरवावयाची होती. फाळके यांस स्वदेशी धंद्याची ओळख करून देऊन लोकांस त्याचा अभिमान वाटावयास लावावयाचें होतें. कृति सारखी दिसली म्हणून हेतु सारखा ठरत नाहीं, आणि अग्रपूजेच्या तंट्यानें इतिहास पुढें सरकत नाहीं.

भिंत खरोखर उभी होती आणि ती खरोखर फुटली, अशीं चित्रें कोणतीं, हा प्रश्न उरतो. आमची कसोटी अशी : नजर वळल्यानें पाहणाऱ्याची जागा बदलली पाहिजे. अंधारांत, कोणी पाहत नाहीं या भरंवशावर बसलेल्या मनुष्यास आपण पकडले गेलों असें वाटलें पाहिजे. स्वीडनमधील इंगमार बर्गमन याचें मोनिका नांवाच्या मुलीवरील चित्र (१९५३) या कसोटीस पूर्णपणें उतरतें. तरुण नवरा व तान्हें मूल घरीं टाकून मोनिका परपुरुषाबरोबर उपाहारगृहांत बसली आहे. सिगारेट ओढतां ओढतां ती डोळे वळविते आणि सरळ भिंगांत पाहूं लागते. मागचा उजेड मंदावत जातो, चेहरा तेवढा उरतो, नजर हलत नाहीं. हॅरिएट आंदरसन या नटीनें येथें कांहींच केलेलें नाहीं, आणि म्हणूनच तें असह्य होतें. त्या क्षणापर्यंत प्रेक्षक मनांत निकालपत्र लिहीत असतो. ती त्याच्याकडे पाहते आणि लेखणी थांबते. तिचें वागणें बरोबर ठरतें असें नव्हे. आपण तिच्याविषयीं बोलत होतों तें तिनें ऐकलें, असें वाटतें.

चॅप्लिनच्या 'ग्रेट डिक्टेटर'चा शेवट (न्यूयॉर्क, १५ ऑक्टोबर १९४०) यापेक्षां निराळा. हुकुमशहाच्या जागीं चुकून उभा केलेला न्हावी भाषण करावयास उठतो आणि हळूहळू न्हावी नाहींसा होऊन चॅप्लिन स्वतः, केंस पांढरे होऊं लागलेला, जगाशीं बोलूं लागतो. कलेच्या दृष्टीनें हा शेवट सदोष आहे, असें अनेकांनीं तेव्हांच म्हटलें व तें खोटें नाहीं : न्हाव्याच्या तोंडीं तें भाषण शोभत नाहीं, आणि कथा अधांतरी राहते. तथापि १९१४ सालीं यंत्रापुढें लुडबूड करून लोकांस हंसविणारा हाच भटका सव्वीस वर्षांनीं, युरोप जळत असतां, त्याच लोकांकडे तोंड करून हंसावयाचें थांबतो, हा संबंध ध्यानांत घेतला म्हणजे त्या दोषाचें मोल कळतें. त्यानें आपलें पात्र जाणूनबुजून खर्चीं घातलें. असा खर्च करण्याची तयारी ज्यांत दिसत नाहीं तें भिंत फोडणें आम्हांस पोकळ वाटतें.

आणि पोकळ उदाहरणांची आज रेलचेल आहे. 'टॉम जोन्स' (१९६३) चित्रांत नायक भिंगावर आपली टोपी टाकून एका स्त्रीची लाज राखतो, त्यांत निदान चातुर्य होतें. 'डेडपूल' (२०१६) सारख्या चित्रांत नायक वाक्यागणिक प्रेक्षकांस डोळा मारतो, आपल्याच निर्मात्यांची थट्टा करितो, आणि तिकिटाचे पैसे मात्र त्यांच्याच तिजोरींत जातात. येथें प्रेक्षकास कोणी पकडलें नाहीं. त्याची पाठ थोपटली आहे. भिंतीचें दार सताड उघडें ठेवल्यावर ती रोज फोडण्याचें नाटक कशाला?

आपल्या देशांत ही भिंत बोलपटांबरोबर रुजली आणि तिला खरा धक्का बसला तो कलकत्त्यास. मृणाल सेन यांच्या १९७०-७१ च्या सुमाराच्या 'इंटरव्ह्यू' चित्रांत एका तरुणास विलायती कंपनींतील नोकरीच्या मुलाखतीसाठीं विलायती पोषाख हवा आहे. तो ट्रॅमनें चालला असतां शेजारची मुलगी वाचीत असलेल्या मासिकांत त्याचेंच छायाचित्र दिसतें. तो भिंगाकडे वळून सांगूं लागतो : मी कोणी मोठा नट नव्हे, माझें नांव रणजित मल्लिक, मी एका साप्ताहिकांत काम करितों, आणि मृणाल सेन यांनीं मला या कामास धरलें आहे. लगेच यंत्र घेऊन उभे असलेले के. के. महाजन आपणांस दिसतात. ट्रॅममधील उतारू मात्र तसेच घामाघूम होऊन लोंबकळत आहेत. जें उघड झालें तें नटाचें गुपित नव्हे. पडद्यावरचा बेकार व पडद्याबाहेरचा बेकार यांत अंतर नाहीं, हें उघड झालें. पाहणारा त्याच शहरांतला, कदाचित् त्याच ट्रॅमनें आलेला. ऋत्विक घटक यांनीं १९७४ सालच्या आपल्या शेवटच्या चित्रांत स्वतःच नायकाचें काम केलें आणि हातांतील दारू भिंगावर ओतली, ती कृति यापुढची. तींत प्रेक्षकाशीं बोलावयाचेंहि कांहीं उरलेलें नाहीं.

'इंटरव्ह्यू'मध्यें मात्र बोलणें बाकी आहे. पोषाख हातचा जातो, तरुण धोतर नेसून मुलाखतीस जातो, नोकरी मिळत नाहीं. शेवटीं काळोखांत तो एकटा उभा असतां एक आवाज त्याला प्रश्न विचारूं लागतो. विचारणारा दिसत नाहीं. तो प्रेक्षकांपैकीं एक आहे. चित्रपटाच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत पात्रें प्रेक्षकांकडे पाहत आलीं, त्यांवर पिस्तुल रोखीत आलीं, त्यांस नमस्कार करीत आलीं. येथें खुर्चींतला मनुष्य पात्राला हटकतो, तूं इतका वेळ काय करीत होतास, तुला राग येतो कीं नाहीं, अशा रोखानें त्याची उलटतपासणी घेतो. आणि उत्तर देतां देतां तो तरुण दुकानाच्या कांचेआड विलायती पोषाख घालून उभ्या असलेल्या पुतळ्यावर दगड उचलतो.